स्वस्त ब्रेडमेकर: तीन तासांत आत काय होतं

स्वस्त ब्रेडमेकर पीठ उत्तम मळतो, बऱ्यापैकी फुगवतो आणि जेमतेम भाजतो. घ्यायचा की नाही, ते या तिन्हींपैकी आपल्याला काय हवंय त्यावर ठरवावं. घरात चांगला ओव्हन असेल आणि हाताने मळायचा कंटाळा असेल, तर घ्या. बेकरीसारखा वरून कडक, सोनेरी पाव बटण दाबून मिळेल या आशेवर असाल, तर नको.

खोक्यातून निघतं ते एवढंच: चारेक किलोचं यंत्र, आत काढता-घालता येणारं नॉनस्टिक भांडं, भांड्याच्या तळातल्या दांड्यावर बसणारं एक पातं, मापाचा कप, दोन टोकांना दोन मापं असलेला चमचा आणि पावात अडकलेलं पातं काढायला एक वाकडा आकडा. वर बारा, पंधरा, एकोणीस प्रोग्रॅम छापलेले असतात. त्या आकड्याला भुलू नये. आत मोटर एक, हीटर एक, तापमानाचा सेन्सर एक. बाकी सगळा मिनिटांचा हिशेब. ‘फ्रेंच’ म्हणजे आंबायला जास्त वेळ, ‘क्विक’ म्हणजे आंबायला वेळच नाही. केकच्या प्रोग्रॅममध्ये लोणी-साखर फेसली जात नाही, नुसती ढवळली जाते. जॅमचा प्रोग्रॅम तर वापरूच नये: साखरेचा पाक दांड्याच्या सीलमध्ये (पाणी खाली गळू न देणाऱ्या रबरी कडीत) उतरतो, तिथे कडक होतो आणि पुढच्या वेळी पातं जागचं हलत नाही. रोजच्या कामाचे प्रोग्रॅम चारच. बेसिक, होल व्हीट, डो (मळणं आणि पहिला फुगवा, साधारण दीड तास) आणि नुसतं ‘बेक’. हा शेवटचा ज्यात नाही ते यंत्र कितीही स्वस्त असलं तरी सोडून द्यावं. का, ते पुढे येईलच.

घेताना बघायचं ते भांडं. पत्रा जाड असावा आणि आतल्या भिंतीला निदान एक उभा कंगोरा असावा. हा कंगोरा शोभेचा नाही. १९८०च्या दशकात जपानच्या मात्सुशिता कंपनीने घरगुती ब्रेडमेकर करायला घेतला, तेव्हा यंत्राला पीठ धड मळताच येईना. बाहेरून भाजलं जाई, आतून कच्चं राही. मग इकुको तानाका या सॉफ्टवेअर करणाऱ्या बाई ओसाकातल्या एका हॉटेलच्या मुख्य बेकरकडे मळायला शिकल्या. तो पीठ नुसतं दाबत नाही, ओढून पिळतो, हे त्यांनी हेरलं. यंत्रात ती पीळ आणायला भांड्याच्या आत कंगोरे आले. कंगोऱ्याला गोळा अडतो, पातं त्याला पुढे ओढतं, आणि त्या ओढाताणीत पिठाला तार येते. कंगोरा नसला तर गोळा पात्याबरोबर नुसता गरगर फिरतो.

भांडं उलटं करून तळातली फिरकी बोटांनी फिरवून बघा. फिरताना खरखर लागता कामा नये. पातं दांड्यावर किंचित सैल बसतं, तो दोष नव्हे. भांडं यंत्रात घालून फिरवलं की खटका लागून बसलं पाहिजे. तिथे हललं तर मळताना ते उचकटून वर येतं. आणि पैसे देण्याआधी एक गोष्ट विचारूनच घ्यावी: सुटं भांडं आणि पातं मिळतं का? मोटर वर्षानुवर्षं चालते, आधी जातं ते भांड्याचं सील आणि पात्यावरचं नॉनस्टिक. सुटा भाग मिळत नसेल तर धडधाकट मोटरसकट अख्खं यंत्र भंगारात जातं.

पहिल्यांदा भांडं आणि पातं धुऊन, पुसून, रिकामं यंत्र ‘बेक’वर दहा मिनिटं चालवावं. हीटरवरचं तेल जळतं, थोडा धूर आणि वास येतो. खिडकी उघडी ठेवा म्हणजे झालं.

आता पीठ. सोबतच्या पुस्तिकेतली कृती कपांत असते आणि पहिले दोन-तीन पाव बिघडतात ते त्या कपांमुळे. चाळलेला मैदा हलक्या हाताने भरला तर कपात १२० ग्रॅम बसतो; डब्यात कप खुपसून भरला तर १५०. तीन कपांत हा फरक ९० ग्रॅम होतो. २६० ग्रॅम पाणी ३६० ग्रॅम मैद्याला म्हणजे ७२ टक्के, ४५० ग्रॅमला म्हणजे ५८ टक्के. कृती तीच, एकदा चिखल, एकदा दगड. म्हणून यंत्राबरोबर एक डिजिटल वजनकाटा घ्या. दोन्हींना पैसे पुरत नसतील तर आधी काटा. पाणीसुद्धा त्याच्यावरच मोजायचं, मिलिलिटर आणि ग्रॅम इथे एकच.

७५० ग्रॅमच्या खुणेसाठी भरवशाचं प्रमाण असं: मैदा ४००, पाणी २६०, तेल किंवा लोणी १५, साखर १२, मीठ ७, इन्स्टंट यीस्ट ४ ग्रॅम. चार ग्रॅम म्हणजे लहान चमचा भरून आणि वर थोडं. सगळं मिळून ७०० ग्रॅमच्या आसपास जातं आणि भाजताना पाणी उडून सव्वासहाशे-साडेसहाशे ग्रॅमचा पाव निघतो. यंत्रावर लिहिलेलं वजन ढोबळ असतं, त्याचा हट्ट धरू नये. स्वस्त यंत्रावर एक किलोची खूण असली तरी तिच्या वाटेला जाऊ नये; एवढं पीठ छोटं पातं तळातच फिरवतं, वरचं तसंच राहतं आणि फुगल्यावर पाव झाकणाला चिकटतो.

मैद्यात प्रथिनं ११ ते १३ टक्के असतील तर पाव उभा राहतो. पाकिटामागे आकडा असतो, बघून घ्यावा. नऊ-दहा टक्क्यांच्या मैद्याचा पावही खाण्याजोगा होतो, पण त्यात पाणी दहा-पंधरा ग्रॅम कमी घालावं आणि उंचीची अपेक्षा ठेवू नये. सुकं ग्लुटेन (गव्हातलं चिवट प्रथिन) मिळत असेल तर ४०० ग्रॅमला ८ ते १० ग्रॅम पुरे. त्यापेक्षा जास्त घातलं की पाव रबरासारखा ताणतो.

आधी पाणी, त्यात तेल, मीठ, साखर. वरून मैदा, पाणी पूर्ण झाकेल असा. मैद्याच्या मध्यात बोटाने खळगा करून त्यात यीस्ट. लगेच सुरू करायचं असेल तर या क्रमाने फारसं बिघडत नाही. टायमर लावून रात्रभर ठेवायचं असेल तेव्हा मात्र हाच क्रम, नाहीतर यीस्ट आधीच भिजून कामाला लागतं. टायमरवर दूध, अंडं घालू नये. कारण सांगायला नको.

बेसिक प्रोग्रॅमचा तीन तासांचा हिशेब अशा यंत्रांत थोड्याफार फरकाने असा असतो: दहा मिनिटं मळणं, वीस मिनिटं विश्रांती, पंधरा मिनिटं पुन्हा मळणं, पंचवीस मिनिटं फुगवा, मग काही सेकंद पातं फिरवून हवा काढणं, पंचेचाळीस मिनिटं शेवटचा फुगवा आणि पासष्ट मिनिटं भाजणं. यात ध्यानात ठेवायची गोष्ट ही, की यंत्र घड्याळ बघतं, पीठ बघत नाही. पीठ फुगलं नसलं तरी वेळ झाली की हीटर पेटणार, आणि फुगून ओसंडायला आलं असलं तरी वेळ होईपर्यंत थांबणार. महागड्या यंत्रांत खोलीचं तापमान मोजून हा हिशेब थोडा पुढेमागे करतात. स्वस्तात ते काम आपलं.

पहिली तीन मिनिटं सगळा पसारा दिसतो, कोपऱ्यात कोरडा मैदा, मध्ये चिखल. झाकण उघडून रबरी उलथन्याने कोपरे आत ढकलावेत. मळताना झाकण उघडण्यात काही धोका नाही, फक्त उलथनं पात्याच्या वाटेत नको. आठव्या मिनिटाला मात्र यंत्राजवळ असायलाच हवं. तेव्हा गोळा एकसंध होऊन भिंती पुसून घेत फिरत असतो, तळाशी रुपयाएवढाच चिकटा राहतो. बोट लावलं तर पीठ बोटाला धरतं आणि लगेच सोडतं. दाबलं तर कानाच्या पाळीसारखं मऊ लागतं. हे जमलं की पाव जमला. गोळ्याऐवजी तळात पसरलेली लापशी दिसली तर मोठा चमचाभर मैदा भुरभुरा, दोन मिनिटं वाट बघा, लागला तर आणखी अर्धा. उलट, गोळा टणक होऊन भांड्यावर थडथड आपटत असेल, यंत्र ओट्यावर सरकायला लागलं असेल, तर पाणी कमी आहे. लहान चमच्याने एकेक चमचा घाला. एकदम ओतलं तर ते गोळ्याभोवती नुसतं फिरत राहतं. हा बदल पहिल्या मळण्यातच करायचा. दुसऱ्या मळण्यात घातलेला मैदा आत मुरत नाही, पावात पांढऱ्या गाठी दिसतात.

पाण्याचं तापमान ही लक्ष द्यायची दुसरी जागा. पंचवीस मिनिटांच्या मळण्यात घर्षणाने पीठ चांगलंच तापतं. सेन्सर बसवलेला असतो भांड्याबाहेर, यंत्राच्या आतल्या भिंतीला. त्याला हवा कळते, पीठ कळत नाही. मळून झालेलं पीठ २६-२७ अंशांवर असावं. खोलीत ३० अंशांच्या वर असेल तर फ्रिजमधलं पाणी घ्या आणि यीस्ट ३ ग्रॅमवर आणा. खोली पंधरा अंशांची असेल तर पाणी हाताला जेमतेम कोमट लागेल इतपत. कडकडीत पाणी नकोच; ५५-६० अंशांला यीस्ट मरतं. स्वयंपाकाचा साधा थर्मामीटर असेल तर पहिले चार-पाच पाव पिठात खुपसून बघा, मग अंदाज बसतो.

शेवटची हवा काढून झाली की पातं काढून घ्यायची संधी असते. वर दिलेल्या हिशेबात पडद्यावर तेव्हा १:५० उरलेले दिसतात. आपल्या यंत्राची वेळ पुस्तिकेतल्या तक्त्यातून काढून दारावर चिकटवून ठेवावी. भांडं न काढता हात ओला करून गोळा उचलायचा, पातं ओढून काढायचं, गोळ्याची कड तळाशी दुमडून परत ठेवायचा, वरून तळहाताने हलकं सपाट करायचं. मिनिटभराचं काम. नाही केलं तर पातं पावात भाजलं जातं आणि मधल्या दोन-तीन कापांना खिंडार पडतं. पातं काढलं तरी दांड्याचं भोक राहतंच, पण ते करंगळीएवढं.

भाजायला लागण्याच्या क्षणी पीठ भांड्याच्या काठाखाली दीड-दोन सेंटिमीटर हवं. आता ‘बेक’ प्रोग्रॅमची गरज कळेल. पीठ अजून खाली आहे आणि वेळ संपत आली, तर यंत्र बंद करा, झाकण लावून आणखी वीस मिनिटं ठेवा आणि मग ‘बेक’ लावा. काठापर्यंत आधीच पोचलं असेल तर तसंच, बंद करून लगेच ‘बेक’. भाजून आतून ओलसर निघालं तरी आणखी दहा मिनिटं देता येतात. बटण दाबून निघून जायचं हे आमिष खरं असतं ते याच खोलीत, याच पिठावर सात-आठ पाव करून झाल्यावर. तोवर यंत्राच्या आसपास राहावं.

भाजणं ही या यंत्राची लंगडी बाजू. हीटर म्हणजे भांड्याच्या खालच्या भागाभोवती फिरवलेली एक कांब. वर काहीच नाही, झाकण पातळ, त्यात काचेची खिडकी. त्यामुळे तळ आणि बाजू खरपूस, माथा फिकट. रंगासाठी ‘डार्क’ लावलं तर माथा तसाच राहतो, बाजू मात्र जाड होतात. साखर १२ वरून १८ ग्रॅमवर नेली किंवा शेवटच्या फुगव्यानंतर माथ्यावर दुधाचा हात फिरवला की थोडा रंग येतो. भाजताना झाकण उघडू नये, पहिल्या वीस मिनिटांत तर मुळीच नाही. थंड हवेने माथा बसतो तो बसतोच. हीटर सतत पेटलेला नसतो, त्यामुळे वीज एका पावाला अर्ध्या युनिटच्या आतच जाते. मोठा ओव्हन एका पावासाठी तापवण्यापेक्षा हे नक्कीच कमी.

तरीही ओव्हन असेल तर डो प्रोग्रॅमवर पीठ काढावं, पावाच्या साच्यात घालून फुगू द्यावं आणि २०० अंशांवर ३० ते ३५ मिनिटं भाजावं. मळण्याचे कष्ट यंत्राचे, माथा ओव्हनचा, आणि तळाला भोक नाही. स्वस्त यंत्राचा खरा मोबदला इथे मिळतो, असं माझं मत आहे. ज्याच्याकडे ओव्हनही आहे आणि पीठ मळणारा मिक्सरही, त्याने ब्रेडमेकरसाठी ओट्यावरची जागा अडवू नये.

शिट्टी झाली की पाव लगेच बाहेर. यंत्र आपोआप तासभर ‘कीप वॉर्म’वर जातं, आणि त्या तासात पावातली वाफ बाजूंना मुरून त्या ओल्या होतात, सुरकुततात, कमरेत आत जातात. जाड हातमोज्यांनी भांडं उलटं करून झटका द्यावा. सुरी घालू नये, लोखंडी तर नाहीच. पात्याच्या भोकात पीठ जाऊन ते दांड्यावर घट्ट बसलं असेल तर भांड्यात कोमट पाणी भरून अर्धा तास ठेवा, पक्कड लावू नका. पातं बसवण्याआधी दांड्याला तेलाचं बोट लावलं तर ही वेळच येत नाही. पाव जाळीवर निदान तासभर गार करायचा. गरम कापला तर सुरीला चिकटून गर दबतो, आणि भाजला गेला नाही असं उगाच वाटतं. शंका असेल तर थर्मामीटर मध्यात खुपसा: ९४ ते ९६ अंश म्हणजे झाला.

बिघाड बहुतेक वेळा पावाच्या आकारावरूनच ओळखता येतो. माथा मधोमध खचला असेल तर पाणी किंवा यीस्ट जास्त, नाहीतर मीठ राहिलं. मीठ यीस्टला आवरतं. ते विसरलं की पीठ झरझर चढतं आणि भाजायच्या आधीच धाप लागून बसतं. माथा गाठीगाठींचा, खडबडीत, आणि पाव बुटका असेल तर पाणी कमी. माथा गुळगुळीत पण पाव बुटका आणि जड असेल तर यीस्ट शिळं. पाव कप कोमट पाण्यात चिमूटभर साखर आणि चमचाभर यीस्ट टाकून बघा; दहा मिनिटांत फेस आला नाही तर पाकीट टाकून द्या. उघडलेलं यीस्ट हवाबंद करून फ्रीजरमध्ये ठेवावं. आणि पावाच्या कोपऱ्यात कोरडा मैदा सापडला, तर उलथनं फिरवायला विसरलात.

पूर्ण कणकेच्या पावाला हे यंत्र कसोटीला लागतं. कोंड्याचे कण ग्लुटेनचे धागे कापतात, शिवाय कणीक पाणी सावकाश पिते. ३५० ग्रॅम कणकेला २५० ते २६० ग्रॅम पाणी लागतं. मीठ आणि यीस्ट न घालता तीन मिनिटं मळून यंत्र बंद करावं, अर्धा तास भिजू द्यावं, मग मीठ-यीस्ट घालून होल व्हीट प्रोग्रॅम सुरू करावा. तरीही मैद्याच्या पावाच्या दोन-तृतीयांश उंची मिळाली तर ती चांगली समजावी. निम्मी कणीक, निम्मा मैदा हा रोजच्यासाठी शहाणपणाचा मध्यम मार्ग.

दुसऱ्या दिवशी पाव कोरडा पडतो, अशी तक्रार सर्रास असते. फ्रिजमध्ये ठेवल्यास तो आणखी लवकर पडतो, कारण त्या तापमानाला स्टार्च भराभर घट्ट होतो. काप करून फ्रीजरमध्ये टाकावेत. किंवा ४०० ग्रॅममधला २० ग्रॅम मैदा २६० मधल्या १०० ग्रॅम पाण्यात कालवून मंद आचेवर खळीसारखा शिजवावा. चमच्याची रेघ उमटली की ६५ अंश झाले समजा. गार करून बाकीच्या पाण्याबरोबर भांड्यात घालायचा. पाव दोन-तीन दिवस मऊ राहतो, कुठलंही रसायन न घालता.

यंत्र बिघडलं तर आवाज ऐकावा. मोटर गुणगुणते पण पातं हलत नाही, हाताने ढकलल्यावर फिरतं, तर कपॅसिटर (मोटरला सुरुवातीचा धक्का देणारा भाग) गेला. रिकामं फिरतं पण पीठ आलं की अडखळतं, तर पट्टा सैल झालाय किंवा त्याचे दाते झिजलेत. मळतं, फुगवतं, पण तापत नाही, तर हीटर किंवा त्याच्याजवळचा थर्मल फ्यूज (फार तापलं की वीज तोडणारा) गेला. तिन्ही भाग किरकोळ आहेत, बहुतेक यंत्रांचा तळ चार-सहा स्क्रूंनी उघडतो. प्लग काढून ठेवल्याशिवाय मात्र हात घालू नये आणि फ्यूजच्या जागी साधी तार कधीही जोडू नये. लागोपाठ दुसरा पाव लावताना अनेक यंत्रांच्या पडद्यावर ‘एचएचएच’ येतं, तो बिघाड नाही. आत अजून गरम आहे एवढंच. झाकण उघडं टाकून अर्धा तास थांबावं.

भांडं मात्र कधी बुडवून ठेवू नये आणि डिशवॉशरमध्ये घालू नये, तळातल्या बेअरिंगचं ग्रीस निघून जातं. सील गेल्याची पहिली खूण पावाच्या तळाला दिसते: भोकाभोवती करडी, काळपट रेघ. वापरलेलं यंत्र घेताना तर हे तपासल्याशिवाय उचलूच नका. भांड्यात दोन कप पाणी ओता, खाली कोरडा वर्तमानपत्राचा कागद ठेवा, तासाभराने भांडं उचला. कागदावर ओलं वर्तुळ असेल तर नव्या भांड्याची किंमत त्या सौद्यात धरा.